डोंगरकडेचा वारा आणि बिनइंजिनाचें विमान

पालघर जिल्ह्यांत, मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत सूर्यमाळ नांवाचें उंच ठिकाण आहे. जव्हार-मोखाड्याचा हा सारा प्रदेश टेकड्या आणि दऱ्या यांनीं भरलेला. अशा मुलखांत एखादी घार कड्याच्या तोंडाशीं पंख न हालवितां बराच वेळ तरंगत राहते, हें दृश्य कोणालाहि नवें नाहीं. नवल हें कीं, घारीला जें सहज साधतें तें शिकावयास मनुष्याला कित्येक वर्षें लागलीं, आणि त्या शिक्षणाचें मोल कांहींनीं प्राण देऊन चुकविलें.

यांतील निसर्गनियम साधा आहे. वारा डोंगराच्या अंगावर आदळला म्हणजे त्याला समोर वाट उरत नाहीं. तो उतार धरून वर चढतो. इंजिन नसलेलें विमान, म्हणजे ग्लायडर, हवेंत सदैव थोडें थोडें खालीं येत असतें. समजा, तें दर सेकंदास अर्धा मीटर उतरत आहे आणि तेथील वारा दर सेकंदास एक मीटर वर चढत आहे. तर ग्लायडर हवेच्या हिशेबानें उतरत असूनहि जमिनीच्या हिशेबानें वरच जाईल. तेव्हां सारी विद्या त्या चढत्या वाऱ्याच्या अरुंद पट्ट्यांत टिकून राहण्याची. आणि तो पट्टा तर डोळ्यांना दिसत नाहीं.

ही विद्या हस्तगत करण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न जर्मनींतील ओटो लिलिएंथाल यानें केला. करकोच्यांच्या उड्डाणाचें निरीक्षण करून त्यानें १८८९ सालीं पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला, आणि १८९१ पासून स्वतः बनविलेले पंख बांधून तो टेकड्यांवरून झेप घेऊं लागला. बर्लिनजवळ त्यानें सरावासाठीं १५ मीटर उंचीची एक टेकडीच रचविली. तोल सांवरण्यास त्याच्याजवळ साधन एकच होतें; तें म्हणजे अधांतरीं लोंबकळणारें आपलें शरीर. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं त्याचें ग्लायडर हवेंत एकाएकीं थबकलें व कोसळलें; दुसऱ्या दिवशीं त्याचें देहावसान झालें. पुढें विल्बर राइट यानें हिशेब मांडला कीं, पांच वर्षांच्या खटपटींत लिलिएंथाल प्रत्यक्ष हवेंत राहिला तो अवघा पांच तास. सायकल शिकणाऱ्यानें इतका थोडा सराव केला, तर तो भर रस्त्यांत सायकल घालावयास धजेल काय ?

राइट बंधूंनीं या मृत्यूपासून धडा घेतला. १८९९ सालीं विल्बरनें सुमारें पांच फूट रुंदीचा दुहेरी पंखांचा पतंग बनविला आणि दोन हातांतील काठ्यांना बांधलेल्या चार दोऱ्यांनीं, जमिनीवर उभें राहून, त्याचे पंख पिळून पाहिले. मनुष्य जमिनीवर सुरक्षित आणि चूक मात्र आकाशांत, अशी ही युक्ति होती. पुढें २४ ऑक्टोबर १९११ रोजीं ऑर्व्हिल राइट अमेरिकेच्या किल डेव्हिल हिल्स येथील वाळूच्या टेकडीवर, समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांत, इंजिनावांचून ९ मिनिटें ४५ सेकंद तरंगत राहिला. हा उच्चांक जवळजवळ दहा वर्षें अबाधित होता.

तो मोडला जर्मनांनीं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानें त्यांच्या विमानविद्येवर कडक निर्बंध घातले. तेव्हां तरुण विद्यार्थी बिनइंजिनाच्या विमानांकडे वळले. १९२० पासून वासरकुप्पे या डोंगरावर स्पर्धा सुरू झाल्या, आणि १९२२ च्या ऑगस्टांत प्रथम एका तासाचें व पाठोपाठ तीन तासांचें उड्डाण झालें. उतारावरचा वारा आतां ओळखीचा झाला होता. तथापि शिकाऊ वैमानिकाला आपल्या चुकीसोबत स्वतः खालीं यावें लागे, ही अडचण कायमच होती.

विल्बरच्या दोऱ्यांचें काम पुढें रेडिओच्या लहरींनीं केलें. १८९८ सालीं निकोला टेस्लानें न्यूयॉर्कमध्यें बिनतारी लहरींनीं चालणारी छोटी नाव दाखविली होती. १९३७ सालीं अमेरिकेंतील प्रतिकृति-विमानांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत रेडिओ-नियंत्रित विमानें उतरलीं. त्या काळचीं उपकरणें व बॅटऱ्या जड असत. कित्येक यंत्रांत सुकाणू एकदम पुरतें डावीकडे नाहीं तर पुरतें उजवीकडे वळे. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, उपकरणें हलकीं झालीं, आणि १९६० नंतरच्या दशकांत हाताच्या बोटाइतकेंच सुकाणू वळविणारी रचना रूढ झाली.

आज अशा ग्लायडरचा शिकाऊ चालक डोंगराच्या कडेवर, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि तें वाऱ्याच्या समोर फेंकतो. पहिला नियम असा कीं, प्रत्येक वळण डोंगरापासून दूर, वाऱ्याच्या दिशेनेंच घ्यावयाचें. ग्लायडर कडेला समांतर जातें, वळतें, पुन्हां येतें. आकाशांत आडवा इंग्रजी आठ काढला जातो. तें चालकाकडे तोंड करून येऊं लागलें कीं डावेंउजवें उलटें भासतें, आणि नवशिक्याचा हात येथेंच फसतो. सर्वांत कठीण तें उतरणें. कारण माथ्याच्या मागच्या बाजूस वारा भोवरे घालून खालीं दाबतो.

सह्याद्रीचा पश्चिम उतार या विद्येला अनुकूल आहे. पुण्याजवळ कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग करणारे लोक याच चढत्या वाऱ्यावर तरंगतात. परंतु त्यांच्याप्रमाणें देह अधांतरीं सोंपविण्यापूर्वीं वाऱ्याचा स्वभाव ज्याला ओळखावयाचा असेल, त्याला रेडिओनें एक मोठी देणगी दिली आहे. लिलिएंथालला पांच वर्षांत जेवढा वेळ हवेंत मिळाला, तेवढा आजच्या शिकाऊ माणसाला चांगल्या वाऱ्याच्या एका दिवसांत मिळूं शकतो. आणि चूक झालीच, तर मोडतात ते केवळ ग्लायडरचे पंख. ते पुन्हां जोडतां येतात.