पाइनचे डांबर : उत्तर युरोपच्या लाकडाचे काळे कवच

डांबर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाळ्यात मऊ पडणारा रस्ता उभा राहतो, नाही तर कपाटातल्या कपड्यांत ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या. रस्त्याचे डांबर खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर उरते, तर गोळ्यांमधील नॅप्थॅलीन हे मुळात दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळे काढलेले द्रव्य. मात्र या दोहोंपेक्षा कितीतरी जुने असे तिसरे डांबर आहे आणि ते झाडापासून मिळते. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांतील लाकडी घरे, होड्या, जहाजे आणि प्रार्थनामंदिरे शतकानुशतके टिकली, त्यांत पाइन वृक्षापासून काढलेल्या या डांबराचा वाटा मोठा आहे.

झाडातून डांबर

पाइनच्या लाकडात राळ असते. झाडाला जखम झाली की ती भरून काढण्यासाठी तेथे राळ अधिक प्रमाणात जमते. फिनलंडमधील शेतकऱ्यांनी झाडाच्या या स्वभावाचा उपयोग करून घेतला. तोडण्याआधी तीन-चार वर्षे ते उभ्या झाडाची साल टप्प्याटप्प्याने सोलत. उत्तरेकडील बाजूला सालीची एक उभी पट्टी मात्र राखून ठेवत, म्हणजे झाड जिवंत राही आणि खोड राळेने भरत जाई. स्वीडन व नॉर्वेमध्ये जुन्या झाडांचे जमिनीत राहिलेले बुंधे व मुळेही यासाठी खणून काढत. बाहेरचे लाकूड कुजून गेल्यावर उरलेला त्यांचा गाभा राळेने संपृक्त झालेला असतो.

हे लाकूड बारीक फोडून नरसाळ्याच्या आकाराच्या मोठ्या खड्ड्यात रचले जाई. खड्ड्याला झाडांच्या सालींचे अस्तर असे. रचलेला ढीग गवताच्या मुळांसकट काढलेल्या ढेकळांनी आणि मातीने झाकून कडेने पेटवीत. आपल्याकडे लोणारी कोळसा पाडताना भट्टीत हवा बेताची ठेवतात, तसाच हा प्रकार. हवा कमी असल्याने लाकूड भडकून जळत नाही, आतल्या आत तापून त्याचे विघटन होते. पहिल्यांदा पाणीदार, आंबट द्रव पाझरतो व त्यामागून डांबर येते. ते खड्ड्याच्या तळाशी गोळा होऊन लाकडी नळीवाटे बाहेरच्या पिंपात पडते. मोठी भट्टी आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ धुमसत राही. तेवढे दिवस रात्रंदिवस पहारा ठेवावा लागे. एखाद्या ठिकाणी झाकण खचून ज्वाळा उठली तर काही वर्षांची मेहनत काही तासांत राख होई.

वायकिंगांपासून आरमारांपर्यंत

स्वीडिश पुरातत्त्वज्ञ आंद्रेयास हेनियस यांनी २०१८ साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात या खड्ड्यांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत डांबराचे लहान खड्डे वस्तीजवळच असत. आठव्या शतकापासून मात्र फार मोठे खड्डे वस्तीपासून दूर, जंगलात आढळू लागतात. वायकिंगांची जहाजबांधणी वाढली तो काळही हाच. त्यांच्या जहाजांत एकावर एक चढविलेल्या फळ्यांच्या सांध्यांत डांबरात भिजविलेली लोकर दाबून बसवीत. डांबराचा मुबलक पुरवठा नसता तर त्यांच्या सागरी मोहिमांचा विस्तार कठीण होता, असे या संशोधनातून सूचित होते.

पुढे युरोपातील आरमारे वाढली आणि डांबर हा राजकारणाचा विषय झाला. जहाजाच्या सांगाड्याला आणि दोरखंडांना डांबर लागे. १६४८ साली स्वीडनने डांबराच्या निर्यातीची मक्तेदारी एका कंपनीकडे सोपविली. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचाच भाग होता. तेथील जंगलात तयार झालेला मालही स्टॉकहोममार्गे बाहेर जाई. म्हणून व्यापारात त्याला ‘स्टॉकहोम टार’ हे नाव पडले, आणि ते आजही रूढ आहे.

या मक्तेदारीला कंटाळलेल्या इंग्लंडने १७०५ साली कायदा करून अमेरिकेतील वसाहतींत तयार होणाऱ्या डांबराला अनुदान दिले. नॉर्थ कॅरोलिनात हा धंदा इतका फोफावला की त्या राज्यातील लोकांना ‘टार हील’, म्हणजे डांबर लागलेल्या टाचांचे, असे टोपणनाव मिळाले. पण ब्रिटिश आरमाराची तक्रार होती की अमेरिकन डांबर दोरखंड ‘जाळते’, त्यांचे तंतू कमकुवत करते. उत्तर युरोपात उभ्या झाडाची साल सोलून, वर्षानुवर्षे तयारी करून मंद आचेवर डांबर काढीत. अमेरिकेत जंगलात पडलेले वाळके लाकूड गोळा करून ते घाईने जाळीत. दोन्ही मालांचे नाव एक असले, तरी गुण एक नव्हता.

एकोणिसाव्या शतकात फिनलंडमधील औलू हे बंदर डांबराच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र होते. आतल्या काइनू प्रांतातून लांब, अरुंद होड्या वीस-पंचवीस पिंपे घेऊन नदीच्या खळाळत्या प्रवाहातून तेथवर उतरत. १८४६ साली कायानी गावातील धबधबे टाळण्यासाठी खास डांबराच्या होड्यांकरिता कालवा बांधण्यात आला. क्रिमियन युद्धात, १८५४ साली, ब्रिटिश नौदलाने औलू आणि राहे या बंदरांतील डांबराचे साठे जाळून टाकले, यावरून या मालाचे महत्त्व ध्यानात यावे. पुढे लोखंडी जहाजे, तारेचे दोर आणि दगडी कोळशाचे स्वस्त डांबर आले व हा व्यापार ओसरत गेला.

लाकूड टिकते कसे?

लाकूड कुजते ते प्रामुख्याने बुरशीमुळे, आणि बुरशीला ओलावा लागतो. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. पाइनच्या डांबरातील राळेची आम्ले व तेलकट घटक पावसाचे पाणी आत शिरू देत नाहीत, तर त्यातील फिनॉल वर्गातील संयुगे बुरशीच्या वाढीला विरोध करतात. शिवाय हा लेप काहीसा लवचीक असल्याने लाकूड फुगले वा आकसले तरी तो चटकन तडकत नाही, आणि लाकडात शिरलेला ओलावा हळूहळू बाहेर पडू शकतो.

लाकूड कोरडे असताना, उबदार दिवसांत, गरम करून पातळ केलेले डांबर ब्रशने घासून लावतात. बोटींसाठी डांबर, अळशीचे तेल व टर्पेंटाइन समभाग घेऊन केलेले मिश्रण स्वीडनमध्ये लोकप्रिय आहे. अर्थात या लेपाला मर्यादाही आहेत. तो ऊन-पावसाने झिजतो, म्हणून काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. तो ज्वलनशील आहे. बर्गेनजवळचे फान्टोफ्ट येथील डांबर दिलेले लाकडी चर्च १९९२ साली कुणी पेटवून दिले, तेव्हा ते पूर्णपणे भस्मसात झाले.

नऊशे वर्षांची देखभाल

या डांबराचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे नॉर्वेतील मध्ययुगीन लाकडी चर्च, ज्यांना ‘स्टाव्ह चर्च’ म्हणतात. एकेकाळी ती शेकडोंच्या संख्येने होती. आज २८ उरली आहेत. उर्नेस येथील चर्च बाराव्या शतकातील असून १९७९ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. याहून आधीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत, ते कुजून गेले. नंतरच्या सुतारांनी दगडी पायावर तुळया बसविल्या आणि त्यांवर खांब उभे केले, म्हणून लाकूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहिले. हे सुतारकाम आणि वरचा डांबराचा लेप यांच्या जोडीने या इमारती तगल्या. त्यांच्या उत्तरेकडील भिंती आज काळ्याभोर दिसतात, तर दक्षिणेकडील भिंती उन्हाने करपून तांबूस झालेल्या असतात. लेप कोठे लवकर झिजतो, हे इमारतच असे सांगते.

विसाव्या शतकात ही साखळी सैल झाली. जंगलातील भट्ट्या विझल्या. बाजारात आले ते बंद लोखंडी भांड्यांत काढलेले पातळ डांबर. ते जुन्या लेपासारखे वागेना. उन्हात ओघळू लागले, लवकर धुपू लागले. डांबर लावण्याची रीत कागदोपत्री फारशी नोंदलेली नव्हती, कारण ती सगळ्यांनाच ठाऊक होती. जाणती पिढी गेल्यावर ती प्रयोगशाळेत नव्याने शोधावी लागली. इंगर मारी एगेनबर्ग यांनी २००३ साली गॉथेनबर्ग विद्यापीठात सादर केलेला प्रबंध याच विषयावर, म्हणजे स्टाव्ह चर्चना दिल्या जाणाऱ्या डांबरावर, आहे. नॉर्वेच्या सांस्कृतिक वारसा संचालनालयाने २००१ ते २०१५ या काळात सर्व २८ चर्चच्या दुरुस्तीचा कार्यक्रम राबविला.

याच सुमारास दुसरी अडचण उभी राहिली. युरोपीय संघाच्या १९९८ च्या जैवनाशक निर्देशानुसार, लाकूड टिकविते असा दावा करून विकायच्या प्रत्येक द्रव्याची खर्चिक तपासणी आवश्यक ठरली. लहान प्रमाणावर डांबर काढणाऱ्यांना हा खर्च पेलणारा नव्हता, आणि परंपराच बंद पडते की काय अशी चिंता निर्माण झाली. अखेर डांबराची विक्री सुरू राहिली, पण ‘परिरक्षक’ म्हणून नव्हे, तर पृष्ठभागावर द्यायचा लेप म्हणून!

पाइनच्या डांबराचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध नसला, तरी त्यामागचा विचार कोकणाला परका नाही. काजूच्या टरफलांचे तेल आणि माशांचे तेल होड्यांना देण्याची पद्धत कोकणात व गोव्यात होती, आणि काजूच्या तेलातही फिनॉल वर्गातीलच संयुगे असतात. फायबरच्या होड्या आल्यापासून हे काम कमी होत चालले आहे. तेल उद्याही बाजारात मिळेल. पण ते कोणत्या लाकडाला, कोणत्या महिन्यात आणि किती हात द्यायचे, हे ठाऊक असणारी माणसे मिळतील का, हा प्रश्न आहे. नॉर्वेला याचे उत्तर शोधण्यासाठी प्रबंध लिहावा लागला. आपल्याकडे अजून काही जुन्या नाखव्यांना नुसते विचारले तरी पुरेल.