जहाजावरची वाइन आणि आमचं तेर

गेल्या शनिवारी एका मित्राचा फोन आला. लग्नाच्या वाढदिवसाला नवरा-बायको क्रूझवर निघालेत आणि साहेबांना प्रश्न पडलाय, "आपली वाइन आपण जहाजावर नेली तर चालते का रे?" मी जन्मात क्रूझवर चढलेलो नाही, पण गूगलबाबा आहेच. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा नियम साधारण सारखाच दिसला. माणशी ७५० मिलीची एक सीलबंद बाटली, तीही पहिल्या दिवशी चढताना, हातातल्या सामानात. जेवणाच्या हॉलमध्ये नेऊन उघडलीत तर कॉर्केज म्हणून वेगळे पैसे. जास्तीच्या बाटल्या जमा! कारण उघड आहे, जहाजावरचा बार हा त्यांचा धंदा आहे.

फोन ठेवला आणि एकदम लक्षात आलं, की हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही होता. त्याचं उत्तर मडक्यांच्या खापरांवर शाईने लिहिलेलं सापडलंय. आणि त्या गोष्टीचं दुसरं टोक चक्क आमच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरला आहे. विषय दारूचा असला तरी आमच्या गोरोबाकाकांपर्यंत जाऊन पोचतो, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

पहिलं टोक इजिप्तमध्ये. तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर होतं. इटलीतली वाइन भूमध्य समुद्रातून अलेक्झांड्रियाला यायची. तिथून नाईल नदीने कॉप्टोस गावापर्यंत, मग उंटांच्या पाठीवरून बारा दिवस वाळवंट तुडवत बेरेनिकेला. तिथे जहाजं जुलैच्या सुमारास सुटायची आणि पावसाळी वारा पाठीशी घेऊन थेट भारत गाठायची. परतीला वारा उलटा फिरायची वाट बघायची. म्हणजे एक खेप जवळजवळ वर्षभराची!

या बेरेनिकेच्या जुन्या उकिरड्यात उत्खननकर्त्यांना इसवी सनाच्या पहिल्या शतकातली लिहिलेली खापरं मिळाली. २००० साली त्यांचा पहिला खंड छापून आला. यातली बरीच खापरं म्हणजे जकात नाक्यावर दाखवायचे पास आहेत. मजकूर ठराविक: नाक्यावरच्या लोकांना नमस्कार, अमुक माणसाचे इतके इतके नग सोडा. नग कशाचे, तर बहुतेक वेळा वाइनच्या रांजणांचे. इटलीच्या वाइनला 'इटालिका' म्हणायचे आणि नुसतं 'दहा इटालिका' लिहिलं की नाक्यावरच्याला कळायचं. आपल्याकडच्या गेटपाससारखंच की!

आता गंमत बघा. या पासांवरून अभ्यासकांमध्ये वाद आहे. ही वाइन विकायला चालली होती, की जहाजावरच्या माणसांना वाटेत प्यायला? म्हणजे माझ्या मित्राचाच प्रश्न. आपली बाटली कुठे संपते आणि माल कुठे सुरू होतो? आपल्या विमानतळावर याची रेघ दोन लिटरवर आहे. तेवढी 'आपली', त्यापुढे कस्टम्स.

हा फरक त्या काळच्या लोकांना नीट ठाऊक होता. पहिल्याच शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने या सागरी मार्गाची एक माहितीपुस्तिका लिहिली. नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही, पण माणूस शंभर टक्के धंदेवाला. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, कुठे धोका आहे, सगळं थोडक्यात. केरळच्या बंदरांबद्दल तो म्हणतो की तिथे गहू नेतात, पण फक्त जहाजावरच्या लोकांपुरता, कारण तिथले व्यापारी तो घेत नाहीत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काही ठिकाणी वाइन नेतात ती विकायला नाही, तर तिथल्या लोकांशी गोडीगुलाबी राहावी म्हणून. आणि बारिगाझाला, म्हणजे गुजरातच्या भरूचला, वाइन नेतात ती मात्र सरळसरळ विकायला. इटलीची असेल तर उत्तम, नाहीतर लाओडिकियाची किंवा अरबस्तानची. शिवाय तिथल्या राजासाठी खास उंची वाइन वेगळी. राजा बहुधा क्षत्रप नहपान. थोडक्यात जहाज एक आणि वाइनची खाती चार: आपली, विकायची, मैत्रीची आणि साहेबांची!

(जाता जाता: भरूच आता दारूबंदीच्या राज्यात आहे. त्या ग्रीक व्यापाऱ्याला सांगितलं तर चक्कर येऊन पडेल.)

मग या वाइनच्या बदल्यात परत काय जायचं? हस्तिदंत, अकीक, लांब मिरी आणि सुती कापड. इथे आमचं गाव येतं. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर, असं पेरिप्लस सांगतो. तगरहून साधं जाडंभरडं कापड भरपूर आणि तलम कापडाचे नाना प्रकार यायचे. सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचला.

हे तगर कुठलं, यावर पुष्कळ वर्षं वाद चालला. कुणी देवगिरी म्हणायचं, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकाने ते तेर असल्याचं मांडलं आणि ते टिकलं. शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, ते हेच.

आता नकाशा उघडून बघा. तेरहून समुद्र गाठायला कल्याण किती तरी जवळ. मग कापड इतक्या लांब भरूचला का? उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण पुढे तिथे अडवणूक सुरू झाली. चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जायची. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात बंदराची कोंडी झाली, आणि तिचा भुर्दंड तेरच्या बैलांनी महिनाभराची वाट चालून भरला. एवढं करून कापड रोमन हद्दीत शिरलं, की पूर्वेकडच्या मालावरची जकात चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के. चौथाई हे काही आपलंच संशोधन नव्हे!

आता मुख्य प्रश्न. इटलीची वाइन तेरला पोचली का?

शाळेत असताना सहलीला तेरला गेलो होतो. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देते, आणि ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. हे कळल्यावर आम्हा पोरांची छाती फुगली होती. मग आमच्या भागातले आम्ही सगळे बिनधास्त सांगायचो, "रोमन लोक तेरला यायचे, इथे वाइन प्यायचे." मीसुद्धा होस्टेलवर हे शंभरदा ऐकवलंय.

पण पुरावा काय? वाइनचा पुरावा म्हणजे दोन कानांचे उंच रांजण, अँफोरा. एकेकात पंचवीस-सव्वीस लिटर मावायची आणि गळू नये म्हणून आतून राळ फासलेली असायची. अशी खापरं नेवाशाच्या उत्खननात मिळाली, महाराष्ट्रात इतरही ठिकाणी मिळाली, आणि प्रत्येक वेळी आपण 'रोमन वाइन' असा शिक्का मारत गेलो. पुढे रॉबर्टा टोंबर या मृद्भांड्यांच्या अभ्यासक बाईंनी ही खापरं हातात घेऊन पुन्हा तपासली. माती, घडण, आतला लेप, सगळं. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं, की पश्चिम भारतातली 'रोमन' म्हणून नोंदलेली बरीच खापरं रोमन नाहीतच. ती मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराक-इराणकडच्या रांजणांची आहेत. त्यांना आतून डांबर असतं आणि त्यातली बरीचशी काही शतकं नंतरची आहेत.

वाचून आधी वाईटच वाटलं. आपली फुशारकी गेली ना! मग आठवलं, तेर हे गाव कुणाचं? गोरोबाकाकांचं. कथा सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईंनी विचारलं, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. नामदेव चिडले, कच्चे ठरले. टोंबर बाईंनी खापरांचं तेच केलं, आणि तेरच्या माणसाने तरी त्यावर रुसू नये.

आणि रुसायचं कारणही नाही. पेरिप्लसमध्ये तेरचं नाव वाइन पिणारं गाव म्हणून आलेलं नाही, कापड धाडणारं गाव म्हणून आलंय. वाइन कोण प्यायलं याचा शोध आपण घेत बसतो, पण भरूचला ते रांजण उतरवून घ्यायची ऐपत ज्या मालातून आली त्यात आमच्या मागांवरचं कापड होतं. वाईट एवढंच वाटतं, की बेरेनिकेच्या नाक्यावर दहा रांजण सोडवणाऱ्या माणसाचं नाव खापरावर राहिलं, आणि तेरच्या एकाही विणकराचं नाव कुठे राहिलं नाही. ज्याची पावती फाटली तो इतिहासात शिरला.

असो. मित्राला कळवलंय, बाटली एकच ने आणि पावती जपून ठेव. क्रूझवरून आलास की एक रविवार तेरसाठी काढ, हेही सांगितलंय. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी, संग्रहालय आणि विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर, सगळं एका दिवसात होतं. बाटली मात्र तिकडे आणू नकोस म्हटलं. काकांच्या हातात अजून थापटणं आहे.