अक्षरांवरचे कुलूप

वाशिमला १९३९ साली एक ताम्रपट सापडला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेल्या दानाची ती सनद. भाषा संस्कृत आणि प्राकृत, लिपी ब्राह्मी. सोळा शतकांनंतरही अभ्यासकांना ती वाचता आली. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, कारण लिपीला मालक नव्हता.

याच वाशिमचा १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. तो काळ छापखान्यांत खिळ्यांच्या जागी संगणक येण्याचा होता. मराठी अक्षरे पडद्यावर आणण्याचे मोठे काम पुण्याच्या सी-डॅकने केले होते. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानकही ठरले. बाजारात मात्र प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक भाषा निराळी. एका दुकानातली लग्नपत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली, की पडद्यावर अगम्य चिन्हे दिसत!

खर्चही मोठा. विंडोजचे पैसे वेगळे, ऑफिसचे वेगळे, पानांच्या मांडणीचे वेगळे, मराठीचे वेगळे. काही पॅकेजेससोबत संगणकाच्या मागे लावायचे छोटे कुलूप येई. ते हरवले, की विकत घेतलेली अक्षरे बंद. दुसरा संगणक घेतला, की परवानाही दुसरा. मग अनेक जण मित्राकडून सीडी आणत. कायदा मात्र कडक होता. कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने, जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड अशी तरतूद केली.

यातून वाट निघाली ती मुक्त सॉफ्टवेअरची. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले, २००० मध्ये ओपनऑफिस खुले झाले. वापरा, तपासा, बदला, वाटा, असा हा परवाना. पण मराठी अक्षरेच नसतील तर आपल्याला त्याचा काय उपयोग? ती उणीव मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाच्या 'गार्गी' फाँटने आणि रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुल्या केलेल्या 'लोहित' फाँट्सनी भरून काढायला सुरुवात केली. हे फाँट युनिकोडचे. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक जगभर एकच, म्हणून मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो.

मुक्त म्हणजे बिनखर्चाचे, असे मात्र समजू नये. जुन्या फायली बदलून घ्याव्या लागतात, हाताची सवय मोडावी लागते, दुरुस्तीला जाणकार माणूस लागतो. पण हा पैसा गावातल्या माणसाच्या कौशल्याला मिळतो, आणि शिकलेले आपल्यापाशी राहते. केरळने शाळांतून हा मार्ग धरला. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

आपण एवढे तरी करू शकतो. शाळेची, ग्रंथालयाची स्मरणिका छापायला द्याल तेव्हा छापील प्रतींबरोबर मजकुराची युनिकोड फाइलही मागून घ्या. आणि जुन्या फायली कपाटातल्या सीडीवर पडून असतील, तर त्या उघडणारा संगणक गावात कुठे चालू आहे तोवर बदलून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)