गिरणी महाडला का नाही आली?

मंडळी, एक साधा प्रश्न. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे कितीतरी लोक कोकणातले, रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. म्हणजे महाड-पोलादपूरकडचेही. मजूर इथे, मजुरीही इथे स्वस्त. मग गिरणी इथेच का नाही काढली कुणी?

बरं, महाड काही आडगाव नव्हतं. भरतीबरोबर बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत गलबतं वर यायची. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरून इथे गलबतात चढायचा. बैलाची वाट संपून पाण्याची सुरू होते तिथे बाजारपेठ, एवढं सोपं गणित. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि ते गणितच फिरलं.

आता गिरणीचा हिशोब. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ ची. पुढे कापूस खानदेश-वऱ्हाडातून रेल्वेने यायला लागला. यंत्रं आणि सुरुवातीला कोळसाही विलायतेहून बोटीने. सूत चीनला जायचं, तेही बोटीनेच. हे सगळं महाडहून करायचं तर प्रत्येक गाठ आणखी दोनदा चढवा-उतरवा! गाठीला हमाल लागतो, माणूस आपला आपण बोटीत चढतो. म्हणून गिरणी मुंबईतच राहिली आणि माणूस गेला.

तोही बहुतेकदा एकटाच. घरची मंडळी गावी भात-नाचणी पिकवत राहिली. मुंबईत अख्खं कुटुंब पोसायचं नव्हतं, म्हणून कमी पगारात भागलं. म्हणजे गिरणीच्या ताळेबंदात न दिसणारा खर्च गावाकडच्या बाईने भरला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा पुष्कळांना परत गावानेच सांभाळलं. विणकाम मात्र भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं.

महाडला कारखाने आले ते एमआयडीसी झाल्यावर, आणि तेही मुख्यतः रसायनांचे. त्यांना पाणी भरपूर लागतं, माणसं कमी.

आपल्या धंद्यात सगळं उलटं. कोडला वाहतूक खर्च जवळजवळ शून्य, म्हणून अमेरिकेतलं काम पुण्या-बंगळूरला आलं. पण वायर आता महाडलाही पोचलीय की! तरी तिथली पोरं हिंजवडीलाच येतात. कारण इथे एक नोकरी गेली तर दुसरी चार इमारती सोडून मिळते, आणि कंपनीलाही माणसं इथेच सापडतात. गाठींचं भाडं संपलं, गाव सोडणं काही संपलं नाही.