चोवीस वर्षें नांव चुकलेलें वटवाघूळ

१९४८ सालची गोष्ट. त्या वेळच्या मदुरा जिल्ह्यांतील हाय वेव्ही डोंगरांत, म्हणजे आजच्या मेघमलैवर, अँगस हटन या सृष्टिनिरीक्षकास एक वटवाघूळ सांपडलें. फळें खाणाऱ्या, सर्वत्र आढळणाऱ्या आंखूड नाकाच्या जातीचेंच तें असावें या समजुतीनें त्यास तशी चिठ्ठी लागली, आणि नमुना मुंबईस १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहांत दाखल झाला. एकदां नांव पडलें कीं त्याची फेरतपासणी सहसा कोणी करीत नाहीं. हा नमुनाही तसाच राहिला.

अखेर थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनीं तो बारकाईनें पाहिला. आंखूड नाकाच्या वटवाघळास लहानसें शेपूट असतें. येथें शेपटाचा मागमूस नव्हता. पुढचे दातही संख्येनें कमी होते. हा फरक नुसत्या जातीचा नव्हे, प्रजातीचा होता. १९७२ सालीं सोसायटीच्याच नियतकालिकांत त्यांनीं ‘लॅटिडेन्स’, म्हणजे रुंद दातांची, ही नवी प्रजाती जाहीर केली आणि जातीस पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचें नांव दिलें.

नांव मिळालें, परंतु प्राणी कोठें होता? पुढें वीस वर्षें मुंबईंतील त्या एका नमुन्यापलीकडे कांहींच पुरावा नव्हता. १९९३ सालीं मात्र संशोधकांना त्याच डोंगरांत तें जिवंत आढळलें. सदाहरित अरण्यांतील गुहांत दिवस काढावा, रात्रीं उंबरासारखीं रानफळें शोधावींत, असा त्याचा जीवनक्रम. फळांचा रस शोषून चोथा टाकतांना आणि बारीक बिया विष्ठेंतून दूर पाडतांना फलाहारी वटवाघळें अरण्याची पेरणीच करीत असतात.

ज्या १९७२ सालीं या जीवास नांव मिळालें, त्याच सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें फलाहारी वटवाघळांस सरसकट उपद्रवी प्राण्यांच्या यादींत घातलें होतें. बागाइतदारांच्या फळांची नासाडी करणारा शत्रु एवढीच त्यांची ओळख. सालिम अलींच्या वटवाघळास मात्र पुढें पहिल्या परिशिष्टांत, वाघाच्या पंक्तींत, स्थान मिळालें. जुनीच चिठ्ठी कायम राहिली असती, तर उपद्रवी म्हणून गणलेल्या असंख्य वटवाघळांपैकीं एक, याहून अधिक किंमत त्यास कोणी दिली नसती. संग्रहालयांतील जुना नमुना पुन्हां पारखून पाहण्याचें मोल एवढें मोठें आहे.