‘एराटा’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ व वापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

ग्रंथाच्या आरंभी अथवा अखेरीस जोडलेले शुद्धिपत्र हा वाचकांकडून सहसा दुर्लक्षिला जाणारा भाग होय. इंग्रजी ग्रंथांत या पानाच्या शीर्षस्थानी ‘एराटा’ हा लॅटिन वळणाचा शब्द छापलेला आढळतो. वरवर पाहता तो केवळ मुद्रणदोषांची यादी सुचवितो. तथापि या शब्दाचा इतिहास तपासला असता, चूक कोणाची, ती कोणी मान्य करावयाची आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणावर, हे प्रश्न प्रत्येक काळात त्याच्याशी निगडित राहिल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, मुद्रणसंस्कृतीतील त्याचा उदय, त्याचा नैतिक अर्थविस्तार आणि आधुनिक ज्ञानव्यवहारातील त्याचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे.

१. व्युत्पत्ती व व्याकरण :

‘एराटा’ हे ‘एराटम’ या लॅटिन शब्दाचे अनेकवचन होय. त्याचे मूळ ‘एरारे’ या धातूत असून त्याचा मूळ अर्थ ‘भटकणे, वाट चुकणे’ असा आहे. इंग्रजीतील ‘एरर’ हा शब्दही याच धातूपासून आला. संस्कृतातील ‘भ्रम्’ धातूपासून ‘भ्रमण’ आणि ‘भ्रम’ हे दोन्ही शब्द सिद्ध होतात, हे येथे लक्षणीय आहे. चूक म्हणजे मार्गापासून ढळणे ही कल्पना दोन्ही भाषांत समान असल्याचे यावरून दिसते.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रूढ झाला. पुढे ‘चुकांची यादी’ या अर्थाने तो एकवचनी मानला जाऊ लागला व सतराव्या शतकात त्याचे ‘एराटाज’ असे दुहेरी अनेकवचनही वापरात आले. एकाच चुकीसाठी ‘एराटम’ आणि अनेक चुकांसाठी ‘एराटा’ हा वापर आज शिष्टसंमत मानला जातो.

२. मुद्रणकला आणि शुद्धिपत्राचा उदय :

हस्तलिखितांच्या काळात प्रत्येक प्रत स्वतंत्र असल्याने तिच्यातील चुकाही स्वतंत्र असत. नक्कलकार चुकलेला मजकूर खोडून अथवा खरवडून तेथेच दुरुस्त करी. मुद्रणामुळे ही स्थिती पालटली. एकच चूक आता शेकडो प्रतींत जाऊ लागली. प्रारंभी मुद्रणालयातच प्रत्येक प्रतीवर हाताने दुरुस्ती केली जाई. पुढे छापील यादीचा उपाय निघाला. व्हेनिस येथे इ. स. १४७८ मध्ये प्रसिद्ध झालेली, मेरुलाच्या टिपणांसह असलेली जुव्हेनलची आवृत्ती ही अशा छापील यादीचे आरंभीचे उदाहरण म्हणून दाखविली जाते.

शुद्धिपत्राची गरज मुद्रणाच्या प्रक्रियेतूनच निर्माण झाली. खिळ्यांचा साठा मर्यादित असल्याने काही पृष्ठे छापून होताच जुळणी सोडून तेच खिळे पुढील पृष्ठांसाठी वापरावे लागत. कागद महाग असल्याने छापलेले ताव टाकून देणे परवडत नसे. ग्रंथाची प्रारंभीची पृष्ठे बहुधा शेवटी छापली जात. त्यामुळे तोवर लक्षात आलेल्या चुका तेथे नोंदविणे सोयीचे होते. वाचकाने स्वतःच्या लेखणीने त्या दुरुस्त करून घ्याव्यात अशी विनंतीही अनेकदा केली जाई. अशा प्रकारे वाचक हा दुरुस्तीच्या कामातील भागीदार ठरला.

चुकीचे परिणाम कधीकधी गंभीर होत. इ. स. १५९० मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांच्या आज्ञेने निघालेल्या लॅटिन बायबलातील चुकांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या. त्यांच्या मृत्यूनंतर ती आवृत्ती मागे घेण्यात आली व इ. स. १५९२ मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांच्या काळात सुधारित आवृत्ती निघाली. लंडन येथे इ. स. १६३१ मध्ये रॉबर्ट बार्कर व मार्टिन लुकास यांनी छापलेल्या बायबलात व्यभिचाराचा निषेध करणाऱ्या आज्ञेतील नकारदर्शक शब्दच गळाला. परिणामी मुद्रकांना ३०० पौंडांचा दंड झाला.

शुद्धिपत्राचा उपयोग युक्तीनेही केला गेला. आयझॅक डिझरायली यांनी ‘क्युरिऑसिटीज ऑफ लिटरेचर’ या ग्रंथात एका लेखकाची हकिकत दिली आहे. धर्मपरीक्षकांना आक्षेपार्ह वाटणारा ‘नियती’ या अर्थाचा लॅटिन शब्द त्याने मजकुरात बदलून छापला आणि शुद्धिपत्रात मूळ शब्द वाचावा असे सुचविले. नियंत्रणातून सुटण्याचा मार्ग अशा रीतीने चुकांच्या यादीतूनच काढण्यात आला.

३. अभ्यासकांतील मतभेद :

एलिझाबेथ आयझेनस्टाइन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात शुद्धिपत्राला विशेष महत्त्व दिले. चूक नेमकी कोठे आहे हे सांगून ती माहिती दूरदूरच्या वाचकांना एकाच वेळी देण्याची नवी क्षमता त्यातून दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एड्रियन जॉन्स यांनी १९९८ मध्ये या विचारास आव्हान दिले. छापील मजकुराची विश्वसनीयता यंत्रातून आपोआप येत नसून ती मुद्रक, लेखक व वाचक यांच्या परस्परव्यवहारातून घडते, असे त्यांनी दाखविले. चार्लटन हिनमन यांनी शेक्सपिअरच्या १६२३ च्या पहिल्या फोलिओच्या ५५ प्रतींची तुलना करून, छपाई चालू असताना झालेल्या दुरुस्त्यांमुळे प्रतींमध्ये भेद राहिल्याचे १९६३ मध्येच सिद्ध केले होते. म्हणजेच शुद्धिपत्र हे यंत्राच्या अचूकतेपेक्षा माणसांमधील विश्वासाचे साधन होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

४. नैतिक अर्थविस्तार :

या शब्दाला मुद्रणालयाबाहेर नेण्याचे ठळक उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन यांचे होय. व्यवसायाने मुद्रक असलेल्या फ्रँकलिन यांनी १७७१ पासून लिहिलेल्या आत्मचरित्रात आयुष्यातील दोषांना ‘एराटा’ असे संबोधले. भावाशी केलेला उमेदवारीचा करार मोडणे, दुसऱ्याच्या वसुलीची रक्कम वापरणे, भावी पत्नीची उपेक्षा करणे हे सर्व त्यांनी या सदरात घातले. ‘पाप’ या शब्दाऐवजी ‘एराटा’ म्हटल्याने दोष दुरुस्तीयोग्य ठरतो. येथे शब्दाने सौम्यता आणली, तसाच पळवाटीचा धोकाही आणला, कारण दुसऱ्याचे झालेले नुकसान केवळ यादीत नोंद केल्याने भरून येत नाही.

५. एराटम व कॉरिजेंडम :

विसाव्या शतकातील शोधपत्रिकांत या शब्दाला तांत्रिक अर्थ प्राप्त झाला. अनेक प्रकाशकांनी प्रकाशन-प्रक्रियेतील चुकीसाठी ‘एराटम’ आणि लेखकाच्या चुकीसाठी ‘कॉरिजेंडम’ असा भेद केला. निष्कर्षच अविश्वसनीय ठरल्यास लेख मागे घेतला जातो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने मात्र आपल्या नोंदींत पहिला भेद न मानता दोन्हींसाठी ‘एराटम’ हीच संज्ञा वापरली. एकीत उत्तरदायित्वाला, तर दुसरीत दुरुस्ती वाचकापर्यंत पोहोचण्याला प्राधान्य आहे.

६. मराठी व भारतीय संदर्भ :

भारतीय पोथ्यांत चुकीच्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पोथीच्या अखेरीस लेखक, जसे पाहिले तसे लिहिले, दोष आपला नव्हे, अशा आशयाचा श्लोक घालीत असे. मुद्रणयुगात हा दोष ‘मुद्राराक्षसा’वर गेला. विशाखदत्ताच्या नाटकाचे नाव मराठीत छापील चुकांच्या अदृश्य कर्त्याला मिळाले. दोन्ही प्रथांत चूक मान्य आहे, कर्ता मात्र निनावी आहे.

शासनव्यवहारात ‘शुद्धिपत्रक’ ही संज्ञा ‘कॉरिजेंडम’साठी रूढ आहे. शासन निर्णयातील एका शब्दाच्या दुरुस्तीने सेवा, वेतन अथवा पात्रता यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून लेखनप्रमाद कोणता आणि आशयबदल कोणता, हा भेद येथे निर्णायक ठरतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५२ नुसार न्यायालयास निवाड्यातील लेखनाच्या, हिशेबाच्या वा अनवधानाने झालेल्या चुका केव्हाही दुरुस्त करता येतात. मात्र या मार्गाने निवाड्याचा गाभा बदलणे अभिप्रेत नाही. शुद्धिपत्रकाची मर्यादा समजण्यास हे तत्त्व उपयुक्त आहे.

निष्कर्ष :

१) ‘एराटा’ हा शब्द चुकांच्या यादीपासून सुरू होऊन जबाबदारीच्या वाटणीपर्यंत विस्तारत गेला.

२) शुद्धिपत्र ही ग्रंथाची उणीव नसून वाचकाशी राखलेल्या प्रामाणिकपणाची खूण आहे.

३) चुकीला दिलेले नाव तिचे गांभीर्य ठरविते. म्हणून सौम्य संज्ञेआड आशयबदल लपविला जाणार नाही याची दक्षता आवश्यक आहे.

४) संगणकीय मजकूर कोणतीही खूण न ठेवता बदलता येतो. त्यामुळे काय बदलले, केव्हा बदलले व कोणी बदलले याची उघड नोंद ठेवण्याची मुद्रणकालीन शिस्त आज अधिक निकडीची झाली आहे.