वाजिन आणि किण्व

तापलेल्या दुधांत दहीं घातलें असतां जो घट्ट भाग होतो ती आमिक्षा, व उरणारें पाणी तें वाजिन. वैश्वदेवपर्वांत आमिक्षा विश्वेदेवांस व वाजिन वाजिदेवतांस देतात. जैमिनीच्या चौथ्या अध्यायांत निर्णय असा कीं, दूध तापवावयाचें तें आमिक्षेसाठीं. वाजिन आनुषंगिक होय.

पाश्चात्यांच्या चीजच्या धंद्यांतहि हाच क्रम आहे. दहा भाग दुधामागें सुमारें नऊ भाग पाणी उरतें. त्यांतील दुग्धशर्करा शेंकडा सुमारें ५. हें पाणी नदींत सोडल्यास प्राणवायु सरून मासे मरतात.

कौटिल्याच्या सुराध्यक्षप्रकरणांत किण्व सांगितलें आहे. त्यावरून हें पाणी आंबविण्याची विद्या प्राचीनांस अवगत होती, असें अनुमान कोणी काढील. आमच्या मतें तें निराधार होय. तेथील किण्वबंध उडीद व तांदूळ यांचा आहे; आणि पावाचें सामान्य किण्व दुग्धशर्करा आंबवूं शकत नाहीं. त्यास क्लायव्हेरोमायसीझ वर्गांतील किण्व लागतें. आयर्लंडांत कॉर्क परगण्यांतील कार्बरी कारखान्यानें १९७८ सालीं अशा किण्वानें मद्यार्क काढण्यास आरंभ केला. याच वर्गापासून दुग्धशर्करा फोडणारें लॅक्टेज, व वाळविलेल्या किण्वापासून प्रथिनयुक्त खाद्यहि मिळतें.

एवंच, मीमांसकांनीं वाजिनास प्रयोजकत्व दिलें नाहीं, तरी त्यास स्वतंत्र देवता आहे हें मान्य केलें. आधार आहे तो एवढ्याचाच. पोथ्यांवर टिपणें करणारांनीं यापलीकडे जाऊं नये.